कफर्णहूमचे चौघे

कफर्णहूमच्या त्या चौघांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते येतात. एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात पाय ठेवायला जागा नाही म्हणून घरावर चढतात, छप्पर उकरतात, बाज खाली सोडतात. तिथून पुढे त्यांचा उल्लेखही नाही. लहानपणापासून या उताऱ्यावर मी कितीतरी उपदेश ऐकले. बोलणारे पाळक बहुधा घाईने शेवटाकडे जातात: माणूस उठला, बाज उचलली, सगळ्यांदेखत चालत घरी गेला, शास्त्री बघत राहिले. तो चमत्कार मी मानते, माझी त्यावर श्रद्धा आहे. पण उमेदीची सगळी वर्षं आजारी माणसांमागे हिंडण्यात गेल्यावर मला वाटू लागलं आहे की, आम्हा ख्रिस्ती लोकांना या गोष्टीतून जे शिकायचं आहे ते त्या चौघांच्या घामात आहे.

मी कोरपना तालुक्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. इथल्या खेड्यांत आम्हाला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बाया नर्सबाई म्हणतात. आमचा तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. एका अंगाला गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथले सिमेंटचे कारखाने. दुसऱ्या अंगाला पैनगंगा, तिच्यापलीकडे वणीचा मुलूख. खाली तेलंगणचा आदिलाबाद जिल्हा आणि माणिकगडच्या डोंगरावर जिवती, कोलाम-गोंडांचे गुडे म्हणजे छोट्या वस्त्या. कापूस, सोयाबीन, तूर. ख्रिस्ती माणसं इथे थोडीच. कारखान्यांच्या वसाहतीत तेलुगू आणि मल्याळी कुटुंबं आहेत, काही आमच्यासारखी जुनी मराठी घरं आहेत. स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले, माझी आजी त्या मिशनच्या शाळेत शिकली. बल्लारपूरला कॅथॉलिकांच्या चांदा धर्मप्रांताचं मुख्यालय आहे. अलीकडे गावोगावी छोट्या स्वतंत्र मंडळ्याही उभ्या राहिल्या आहेत. आमच्या रविवारच्या उपासनेत एक गीत मराठीत होतं, एक तेलुगूत, आणि प्रार्थनेच्या विनंत्या मात्र सगळ्या भाषांत त्याच: आजार, कर्ज, नोकरी, पुन्हा आजार.

इथे माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न न्यायचं कुठे आणि कसं हा असतो. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून चंद्रपूरला पाठवलं तर गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर करत जायचं. पावसाळ्यात वर्धा नदी चढली की राजुरा-बल्लारपूर रस्त्यावर पाणी येतं. 2022 च्या जुलैमध्ये तो रस्ता बंद पडला तेव्हा काय हाल झाले ते इकडच्या माणसाला सांगायला नको. कुणी आदिलाबाद गाठतं, कुणी वणी. 2014 पासून 108 ची गाडी आली, तिने किती जीव वाचवले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. गुड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर माणसांनीच काटायचं असतं.

ते कसं काटतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजेला दोर बांधायचे, दोरांतून जाड बांबू घालायचा, दोन माणसं पुढे, दोन मागे. उतारावर पुढच्या दोघांच्या खांद्यावर सगळं वजन येतं, चढावर मागच्यांच्या. नाल्यात पाणी असलं की बांबू खांद्यावरून हातांवर उचलून धरायचा. लांबचा पल्ला असेल तर चौघं पुरत नाहीत, बदलीला आणखी चौघं बरोबर चालतात, आणि एखादी बाई डोक्यावर पाण्याचा गुंड आणि हातात कंदील किंवा आता मोबाईलचा उजेड घेऊन. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला मी अशी आलेली पाहिली आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागड-एटापल्लीकडे तर दर पावसाळ्यात हे घडतं. आणि उचलणारं कुणी नसलं, उशीर झाला, तर काय होतं ते 2024 च्या सप्टेंबरमध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अहेरी तालुक्यातल्या पत्तीगावचे आई-बाप आपल्या दोन मृत लेकरांना खांद्यावर घेऊन चिखलातून घराकडे चालत होते. मुलांना ताप होता, आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं. त्या चित्रफितीवर पुष्कळ राजकारण झालं. मला मात्र तेव्हापासून मार्कचा दुसरा अध्याय वेगळा ऐकू येतो.

त्या अध्यायात लिहिलं आहे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. कोणाचा, तर त्या बाज आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस या सगळ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्याचा विश्वास किती होता, होता की नव्हता, हे शुभवर्तमान सांगत नाही आणि येशू त्याला विचारतही नाही. मत्तय आणि लूक यांनीही हीच गोष्ट सांगितली आहे, त्यांच्याकडेही आजारी माणूस गप्पच आहे. आजारपणात माणसाकडे कधी कधी विश्वासाला लागणारी ताकदही उरत नाही. तेव्हा त्याच्या वाटचा विश्वास दुसऱ्यांनी धरून ठेवायचा असतो.

हे मी इतकं आग्रहाने का म्हणते त्याला कारण आहे. माझ्या उपकेंद्राच्या एका गावात सिकलसेलची एक मुलगी होती, नववी-दहावीतली. आई-बाप दोघंही वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल पूर्ण आजार घेऊन येण्याचा संभव चारात एक असतो. या मुलीच्या वाट्याला तो आला. विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आहे, अनुसूचित जातींत आहे, ओबीसींत आहे, तेव्हा आमच्या मंडळ्यांतही असणारच. मुलीचं निदान वेळेवर झालं होतं, सोल्युबिलिटी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस करून. रोज हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू होतं. वर्षा-दोन वर्षांत तिच्या सांधेदुखीच्या कळा पुष्कळ कमी झाल्या होत्या, शाळा बुडत नव्हती.

मग शेजारच्या तालुक्यात चंगाई सभा झाली. बाहेरगावचे उपदेशक, मोठा मांडव, भोंगे, तीन भाषांत गाणी. मुलीला पुढे नेलं, डोक्यावर हात ठेवले, आणि ती मोकळी झाली असं माईकवर जाहीर झालं. मी महिन्याच्या फेरीला गेले तर आई म्हणाली, "पोरगी आता चांगली हाय, सिस्टर. गोळ्या बंद केल्या. खाल्ल्या तं विश्वास नाही म्हणतीन ना." मी समजावलं, वाद घातला, गोळ्यांचं पाकीट ठेवून आले. ते तसंच पडून राहिलं. पौष महिन्यातल्या थंडीत मुलीला क्रायसिस आला. सिकलसेलमध्ये थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं या गोष्टींनी रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत अशा कळा उठतात की मोठी माणसं जमिनीवर लोळतात. तिला चंद्रपूरला नेलं, रक्त चढवावं लागलं. ती वाचली.

पण वॉर्डात माझा हात धरून ती जे म्हणाली ते मला आजही झोपू देत नाही. ती म्हणाली, सिस्टर, माझाच विश्वास कमी पडला. आजार अंगावर, आणि आता त्याचा दोषही तिच्याच अंगावर. मांडव टाकणारे दुसऱ्या गावाला निघून गेले होते. त्यांनी त्या पोरीच्या उशाशी ठेवलेली ही शिक्षा होती. माझा संताप तेव्हाही झाला, आजही होतो. कफर्णहूमच्या घरात येशूने ज्या माणसाला विश्वासाबद्दल एक प्रश्नही विचारला नाही, त्याच येशूच्या नावाने पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या विश्वासाची परीक्षा द्यायला लावण्याचा अधिकार यांना कुणी दिला?

प्रार्थनेवर माझा विश्वास नाही असं यातून कुणी समजू नये. मी रोज प्रार्थना करते. रुग्णाला टेबलावर घेण्याआधी प्रार्थना करणारे सर्जन मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. प्रार्थना करावी, हात ठेवावेत, तेल लावावं, याकोबाच्या पत्रात ते सांगितलंच आहे. गोळी बंद करायला मात्र पवित्र शास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रेमाने वैद्य म्हणूनच ओळखतो. पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यावं याचा सल्ला पौल तीमथ्याला देतो. त्याचा सहकारी त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवलं आणि तसं पत्रात साधेपणाने लिहून टाकलं. त्रफिमचा विश्वास कमी होता असं त्याने म्हटलं नाही. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटाही त्याने तीनदा विनवूनही निघाला नाही. आणि येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं. मोशेच्या नियमानुसार त्वचा तपासून हा माणूस शुद्ध झाला की नाही हे ठरवायचं काम त्या काळी याजकांकडे होतं. येशूने तपासणी टाळली नाही, करवून घेतली. मग एखाद्या पाळकाला असं म्हणायला काय हरकत आहे की, जा, आरोग्य केंद्रात रक्त दाखव, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गोळी सोडू नको?

आता त्या दारातल्या गर्दीबद्दल. ही गर्दी कोणाची होती? वचन ऐकायला आलेल्यांची. चांगल्या, भाविक, मन लावून ऐकणाऱ्या माणसांची. बाज आली तेव्हा त्यांच्यातलं कुणी सरकलं नाही. मला वाटतं, आमच्या मंडळ्यांनी या ओळीपाशी बराच वेळ थांबायला हवं. उपासना चालू असताना मागच्या दाराशी एखादी बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन उभी राहते आणि आम्ही गीताचं शेवटचं कडवं पूर्ण करतो. उपदेशाला दीड तास देतो, आणि क्षयरोगाच्या माणसाला औषध आणायला राजुऱ्याला नेण्यासाठी कुणाकडे अर्धा दिवस नसतो. क्षयाचं औषध अर्धवट सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग तोच रोग दुप्पट हट्टी होऊन घरात शिरतो. हे आमच्या प्रत्येक मंडळीतल्या माणसांना माहीत असायला हवं.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेला माणूस भेटतो. त्याची तक्रार एवढीच की, मला तळ्यात उतरवणारं कुणी नाही. कफर्णहूमच्या माणसाला चौघं होते, याला एकही नव्हता. दोघांनाही येशूने बरं केलं. तरी ती 38 वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. आमच्या तालुक्यातही अशी माणसं आहेत. एकटी विधवा, मुलं कामाला हैदराबादला गेलेला म्हातारा, सासर-माहेर दोन्हींनी टाकलेली कुष्ठरोगी बाई.

छपराचंही बोललं पाहिजे. मार्क म्हणतो त्यांनी छप्पर उकरलं, लूक कौलं काढल्याचं सांगतो. आमच्याकडे कवेलूच्या घरात राहिलेल्या माणसाला कळेल की हा किती नुकसानीचा प्रकार आहे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायला दोन माणसांचे दोन दिवस जातात. मातीचं छप्पर असेल तर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ढेकळं पडली असणार. घर कुणाचं होतं? बरेच जण ते पेत्राचं मानतात. कुणाचंही असो, घरमालकाने आरडाओरडा केल्याची नोंद नाही, आणि येशूने तर छपराचा विषयही काढला नाही. आम्ही मात्र चर्चच्या इमारतीसाठी पावत्या फाडतो, स्लॅब टाकतो, टाइल्स बसवतो, रंग देतो. हे नको असं मी म्हणत नाही, देवाचं घर नीटनेटकं असावं. पण ज्या मंडळीच्या खात्यात स्लॅबसाठी पैसा आहे आणि चंद्रपूरला रुग्णासोबत राहणाऱ्या आईच्या दोन वेळच्या जेवणासाठी नाही, त्या मंडळीने आपल्या छपराकडे एकदा पाहावं.

या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग पापाचा आहे. तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. बाज खाली आल्यावर येशू आधी त्या माणसाला पापांची क्षमा झाल्याचं सांगतो, चालायला नंतर सांगतो. यावरून बरेच उपदेशक आजार म्हणजे पापाचं फळ असा अर्थ काढतात. मी तसा काढत नाही, कारण योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं की, पाप याचं की याच्या आई-बापांचं, आणि येशूने दोन्ही नाकारलं. मग कफर्णहूमला क्षमा आधी का? मला माझ्या अनुभवातून एकच उत्तर दिसतं. इकडे कुणाला लकवा मारला, अंगावर चट्टा आला, पोर दगावलं, की आजारी माणूस आधी विचारतो, माझ्या हातून काय घडलं? आणि गाव विचारतं, कुणी केलं? पहिल्या प्रश्नाने माणूस आतून मरतो, दुसऱ्याने बाहेरचा कुणीतरी. 2021 च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारी जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भर चौकात बांधून मारलं. त्यात दलित वृद्ध होते. डोंगराखालच्या आमच्या गावांत त्या आठवड्यात दुसरं बोलणं नव्हतं. अशा ठिकाणी आजारी माणसाला सर्वांसमोर सांगणं की तुझ्यावर कसलाही दोष नाही, हे औषधाइतकंच तातडीचं काम आहे. येशूने ते आधी केलं.

कुष्ठरोगात तर हे रोज दिसतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण अजून सापडतात. बहुविध औषधोपचार फुकट मिळतो, सहा किंवा बारा महिन्यांचा. औषध सुरू झाल्यावर संसर्ग लवकरच थांबतो. वेळेत घेतलं तर हात-पाय वाकडे होत नाहीत. तरी माणसं चट्टा लपवतात, कारण चट्ट्याला बधिरपणा आहे आणि लाजेला नाही. याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती 1949 साली स्थापन केली आणि आनंदवन उभं केलं. त्याची सुरुवात एका भीतीतून झाली हे बाबांनीच सांगितलं आहे. रस्त्याच्या कडेला पडलेल्या तुळशीरामला पाहून ते घाबरून निघून गेले, आणि त्या भीतीची लाज वाटून परत आले. ख्रिस्ती नसलेल्या माणसाने आमच्या शुभवर्तमानाचं काम आमच्याच जिल्ह्यात करून दाखवलं. त्याचा अभिमान वाटावा आणि थोडं खालीही पाहावं, असं मला वाटतं.

आमच्या ख्रिस्ती समाजातही उदाहरणं कमी नाहीत. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला अधिक जवळचे वाटतात ते जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरला शिकलेले हे दोघं 1970 मध्ये अहमदनगर जिल्ह्याच्या त्या दुष्काळी तालुक्यात गेले. शहरात नाव आणि पैसा दोन्ही मिळाला असता. जामखेडला त्यांच्या लवकर लक्षात आलं की डॉक्टर दवाखान्यात बसून राहिला तर गावातलं मूल हगवणीने तिथेच मरतं. मग त्यांनी गावांनीच निवडलेल्या बायांना शिकवलं. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. गरोदर बाईची तपासणी, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी, मुलांचं वजन, कुष्ठ आणि क्षयाचे रुग्ण ओळखणं. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिच्या हाती गावाने आपली बाळंतपणं सोपवली. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशा योजना 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, तिच्या कितीतरी आधी जामखेडने ती वाट पाडली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या शोधग्राम या केंद्राच्या परिसरातल्या गावांत नवजात बाळांसाठी हेच केलं. त्यांचं काम 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि आज देशभरातल्या आशा घरोघरी जाऊन बाळं तपासतात. या सगळ्या बाया माझ्या दृष्टीने कफर्णहूमच्या बाजेचा एकेक कोपरा धरलेल्या बाया आहेत.

आणखी एक गोष्ट, जी सध्याच्या दिवसांत मोठ्याने सांगायला हवी. बरा झाल्यावर त्या माणसाला येशूने घरी जायला सांगितलं. माझ्यामागे ये असं म्हटलं नाही. त्याच अध्यायात थोडं पुढे जकात नाक्यावर बसलेल्या धडधाकट लेवीला मात्र तो मागे यायला सांगतो आणि लेवी उठून येतो. ज्याचं दुखणं दूर केलं त्याच्याकडून येशूने काही मागितलं नाही. आज चंगाई सभांवर धर्मांतराचे आरोप होतात, कधी खोटे, कधी द्वेषाने. त्यात मंडळ्यांना मार बसतो, पाळकांवर गुन्हे दाखल होतात, आणि त्याचं मला दुःख आहे. पण आमच्या बाजूनेही हे स्पष्ट असायला हवं की आजारी माणसाच्या अगतिकतेच्या बदल्यात आम्ही त्याच्याकडून काहीही घेणार नाही. त्याचा धर्म घेणार नाही, देणगी घेणार नाही, आणि स्टेजवरची साक्षही घेणार नाही. बरा झाला तर घरी जाऊ दे.

नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा आमच्यातले काही जण घाबरले होते की आता प्रार्थनाही बंद होईल. तसं काही झालं नाही. प्रार्थनेला तो कायदा हात लावत नाही. तो अडवतो ते साप चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखणाऱ्याला, चमत्काराच्या नावाने फसवणूक करणाऱ्याला. 1954 चा केंद्राचा कायदा तर त्याहून जुना आहे. क्षय, कुष्ठ, पक्षाघात, आंधळेपणा अशा रोगांवर जादूचा उपाय असल्याची जाहिरात करायला तो मनाई करतो. भिंतीवर चिकटवलेली सभेची काही पत्रकं मी वाचते तेव्हा वाटतं, यांनी तो कायदा नाही तर निदान मार्कचं शुभवर्तमान तरी नीट वाचायला हवं होतं.

आमच्या छोट्या मंडळीत आम्ही आता एक पद्धत बसवली आहे. ज्या घरात दीर्घ आजार आहे त्या घरासाठी चार माणसं ठरलेली. एकाकडे मोटारसायकल किंवा ऑटो. एकाला चंद्रपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात केसपेपर कुठे काढायचा, रक्तपेढी कुठे आहे हे माहीत. एक रात्री रुग्णाजवळ बसणारा. आणि चौथा, ज्याचं काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही, मागे राहून घरातल्या पोरांना जेवू घालणारा, शेळ्या सोडणारा, कापसाला पाणी देणारा. ही घरं ख्रिस्ती असलीच पाहिजेत अशी अट नाही, आणि त्या चौघांतही आता एक मुसलमान ऑटोवाला आणि एक गोंड तरुण आहे. सिकलसेलच्या मुलांसाठी रक्तगटांची यादी पाळकांच्या मोबाईलमध्ये आहे. ती मुलगी आता पुन्हा रोज गोळी घेते. तिच्या चौघांत मी आहे.

कापूस वेचून झाला की डिसेंबरपासून मांडवांचा हंगाम सुरू होतो. यंदा या भागात ज्यांच्या सभा ठरल्या आहेत त्या पाळकांना मी पत्रं पाठवली आहेत. मागणं तीन गोष्टींचं आहे. प्रार्थनेपूर्वी आणि प्रार्थनेनंतर, दोन्ही वेळा माईकवरून सांगा की कुणीही आपलं औषध बंद करू नये. मांडवाच्या कडेला एक टेबल आरोग्य केंद्राच्या माणसांना द्या, सिकलसेलची तपासणी आणि चट्टे बघायला. आणि पुढे आलेल्या प्रत्येक आजारी माणसाचं नाव-गाव त्याच्या संमतीने लिहून घ्या, म्हणजे सभा उठल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोण जाणार हे ठरवता येईल. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल अभियान चालू आहे, किट उपलब्ध आहेत, कर्मचारी येतील, मी स्वतः बसेन. दोघा पाळकांनी होकार कळवला आहे. एकाने विचारलं की औषधाची घोषणा केली तर लोकांचा विश्वास डळमळणार नाही का. त्यांना मी मार्कच्या दुसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन पुन्हा वाचायची विनंती केली आहे आणि पुढच्या आठवड्यात भेटायला जाणार आहे. बाकीच्यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.